हेलहॅमरचे डेमो ऐकायचे ते शेवटाकडून सुरुवातीकडे

हेलहॅमर या स्विस मेटल बँडच्या डेमोंचा, म्हणजे अल्बमआधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगचा, संग्रह ‘डीमन एंट्रेल्स’ हातात आलाच असेल तर आज तो लावू नका. आधी त्यांच्याच पुढच्या बँडची, सेल्टिक फ्रॉस्टची, ‘मॉर्बिड टेल्स’ लावा. असं का म्हणतो, तर ‘डीमन एंट्रेल्स’ दहा मिनिटांत बंद करून "काका, हे तर नुसतं ढणढण आहे" म्हणणारी बरीच पोरं मला भेटलीत. त्यातल्या बहुतेकांचे कान चांगले होते, फक्त ती चुकीच्या टोकाने आत शिरली होती.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी दादरला कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात उमेदवारी केली. गिऱ्हाईक कागदावर गाणी लिहून द्यायचं, आम्ही ती साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कायद्याचं विचारू नका. आता डोंबिवलीला घरीच जुन्या टेप डिजिटल करून देतो. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाचं कीर्तन, मधूनच एखाद्या कॉलेजच्या बँडचा डेमो. त्यामुळे असले संग्रह मी चाहता म्हणून ऐकतो तितकेच टेपवाला म्हणूनही ऐकतो, आणि खाली जे सांगतोय ते दोन्ही बाजूंनी आलेलं आहे.

मामला काय आहे ते आधी समजून घ्या. हेलहॅमर ही स्वित्झर्लंडमधल्या झुरिकजवळच्या न्यूरेन्सडॉर्फची पोरं. १९८२ मध्ये जमली, १९८४ च्या मध्यावर पांगली. टॉम वॉरियर गिटार आणि गळा, स्टीव्ह वॉरियर बास, ब्रूस डे ड्रम. नावं अर्थातच घेतलेली. १९८३ च्या शेवटाकडे स्टीव्हच्या जागी मार्टिन एरिक एन आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि टॉम वीस. त्या एका वर्षात त्यांनी तीन डेमो केले. ‘डेथ फीन्ड’ आणि ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’ उन्हाळ्यातले, जूनचे, सरावाच्या बंकरमध्ये भरलेले. ‘सटॅनिक राइट्स’ डिसेंबरचा, स्टुडिओतला. पैकी ‘डेथ फीन्ड’ त्यांनी तेव्हा बाहेरच काढला नाही. मार्च १९८४ मध्ये बर्लिनला जाऊन नॉइज रेकॉर्ड्ससाठी ‘अ‍ॅपोकॅलिप्टिक रेड्स’ ही चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, भरली, आणि मे संपता संपता बँड मोडला. टॉम आणि मार्टिन यांनी लगेच सेल्टिक फ्रॉस्ट उभा केला. तिन्ही डेमो एकत्र, नीट स्वच्छ करून ‘डीमन एंट्रेल्स’ नावाने निघाले ते २००८ मध्ये. सीडीवर घ्याल तर दोन, एलपीवर घ्याल तर तीन. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं हे संगीत लोकांनी मुख्यतः चोरट्या छपाईवर आणि कॅसेटच्या प्रतींवरून केलेल्या प्रतींवर ऐकलं.

तर आता क्रम.

पहिल्या बैठकीला ‘मॉर्बिड टेल्स’. ही १९८४ च्या शरदातली, बर्लिनचीच. ऐकताना तीनच गोष्टी लक्षात ठेवा: गिटारचा आवाज किती जाड आहे, टॉमचा तो छातीतून येणारा "उह्" हुंकार कुठे पडतो, आणि गाणं वेगात असताना अचानक लय कुठे उतरते. दुसऱ्या बैठकीला ‘अ‍ॅपोकॅलिप्टिक रेड्स’. तीच दोन माणसं, तेच शहर, फक्त सात महिने आधी. तुमच्या ओळखीच्या तिन्ही गोष्टी इथे आहेत, पण कच्च्या. इथवर आलात की मग ‘डीमन एंट्रेल्स’ उघडा, आणि त्यातही ‘सटॅनिक राइट्स’पासून सुरू करा. नंतर ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’. ‘डेथ फीन्ड’ सगळ्यात शेवटी. तो कंटाळवाणा वाटला तर सरळ सोडा. बनवणाऱ्यांनीच तो तेव्हा बाजूला ठेवला होता, तुम्ही पुढे ढकललात म्हणून काही अपमान होत नाही.

उलटं जाण्याचा फायदा असा की कान आधीच तयार असतो. जूनच्या टेपवर गोंगाटाखाली दबलेली एखादी रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला ऐकूच येत नाही. ‘मॉर्बिड टेल्स’वरून खाली उतरलेल्या माणसाला ती लगेच सापडते, कारण काय शोधायचं ते त्याला ठाऊक असतं.

एवढं झालं की खरं काम सुरू होतं, आणि ते सरळ क्रमाने करायचं. ‘क्रूसिफिक्शन’, ‘मॅनियॅक’, ‘रीपर’ आणि ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’ ही चार गाणी जूनच्या डेमोवरही आहेत आणि डिसेंबरच्याही. शिवाय ‘ट्रायम्फ ऑफ डेथ’ मार्चच्या ईपीवर तिसऱ्यांदा येतं. म्हणजे एकाच गाण्याची नऊ महिन्यांतली तीन रूपं तुमच्यासमोर आहेत. अख्खा अल्बम ऐकायला वेळ नसेल तर एवढं एकच करा, पैसे वसूल.

एक कागद घ्या. तीन उभे रकाने आखा: जून, डिसेंबर, मार्च. गाणं पहिल्यांदा लावताना फक्त ड्रम ऐका. लय धरून राहते की कडेकडेला पळते? फिल, म्हणजे मधली ठोक्यांची गिरकी, घेऊन परत येताना पहिला ठोका वेळेवर पडतो का? दुसऱ्यांदा फक्त गिटार: तार सोडताना आवाज मिटतो की घुमत राहतो, दोन फटक्यांमधली जागा रिकामी ठेवायची हिंमत आहे का. तिसऱ्यांदा गळा. मार्चच्या रूपात टॉम शब्द उच्चारत नाही, विव्हळतो. ते साडेनऊ मिनिटं चालतं आणि पहिल्या वेळी मला ते सहन झालं नव्हतं. आजही जेवताना लावण्याची वस्तू नाही ती.

रकाने भरले की एक गोष्ट दिसू लागते, निदान मला दिसली. ही पोरं नऊ महिन्यांत फार मोठी वादक झाली नाहीत. बोटं थोडी सुधारली असतील, पण खरा बदल आहे तो निर्णयात. आसपासचा काळ आठवा. जुलै १९८३ मध्ये मेटॅलिकाचा ‘किल एम ऑल’ आला, डिसेंबरमध्ये स्लेयरचा ‘शो नो मर्सी’. सगळं मेटल वेगाच्या मागे धावत होतं, आणि धावायला हात लागतो. हेलहॅमरकडे तो हात नव्हता. त्यांनी वेगवान गाणी केली, नाही असं नाही, डिस्चार्ज या बँडचं पंक त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पण जे त्यांना इतरांपासून वेगळं करणार होतं ते हळू वाजवणं होतं, आणि हळू वाजवताना चूक लपवता येत नाही. जूनपासून मार्चपर्यंत ते या गोष्टीला घाबरायचं कमी कमी करत गेले. असा संग्रह घ्यायचा तो हे ऐकण्यासाठी. नुसती चांगली गाणी हवी असतील तर पुढचे अल्बम आहेतच.

मागचं संगीत ऐकायचंच असेल तर दोनच नावं घ्या: न्यूकॅसलच्या व्हेनमचे पहिले दोन अल्बम, १९८१ आणि १९८२ चे, आणि डिस्चार्जचा १९८२ चा अल्बम. मोटरहेड तुम्ही ऐकलेलं असणारच. यादी याहून लांबवू नका, नाहीतर मूळ टेप राहून जाते.

आता टेपवाल्याच्या चार गोष्टी. हा भाग मी लांबवणार आहे, कारण लोक नेमकं इथेच चुकतात.

बेस बूस्ट, लाउडनेस, फोनमधलं ते ‘रॉक’ नावाचं इक्वलायझर, सगळं बंद. या टेपमध्ये बास आणि गिटार आधीच एकमेकांच्या अंगावर बसलेत. खालचा आवाज वाढवलात की दोघांचा एकच गोळा होतो आणि मग "रेकॉर्डिंग भिकार आहे" असं तुम्ही म्हणता. जमलं तर स्पीकरवर ऐका. कानात घालायच्या इअरफोनवर हिस, म्हणजे टेपची ती सततची सरसर, नाकासमोर येऊन बसतो, खोलीत तो हवेत विरतो. आवाज मध्यम ठेवा. मोठा करावासा वाटेल, पण कच्च्या टेपवर वरचे स्वर आधीच टोचरे असतात, मोठ्या आवाजात कान दहा मिनिटांत थकतो आणि दोष बँडवर जातो.

हिस घालवायला जाऊ नका. हल्ली फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही नॉइज रिडक्शनचं बटण असतं, आणि ते दाबण्याचा मोह मोठा. पण झांजेचा शेवटचा झंकार आणि टेपचा हिस हे एकाच पट्ट्यात राहतात. एक पुसलात की दुसरं गेलंच, वर पाण्याखालून बोलल्यासारखी बुडबुड येते ती वेगळी.

जुन्या कॅसेट-प्रतींवरून हे ऐकलेले लोक अजूनही सांगतात की मूळ डेमो जास्त भेसूर होता, २००८ वाल्याने धार घालवली. त्यांना काय ऐकू येत होतं ते मी दुकानात रोज पाहिलंय. एका कॅसेटवरून दुसरी भरली की टेपचा हिस साधारण ३ डेसिबलने चढतो, वरचे स्वर थोडे झडतात. दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी, आमटीत पाणी ओतत जावं तसं. त्यात एखाद्याने डॉल्बी, म्हणजे डेकमधली हिस कमी करायची सोय, लावून भरलेली कॅसेट दुसऱ्याने डॉल्बी बंद ठेवून वाजवलेली असते, मग वरचे स्वर चरचरतात. उलट झालं तर सगळं कोंदट. आणि प्रत्येक डेकची मोटर किंचित वेगळी. तो भेसूरपणा निम्मा हेलहॅमरचा आणि निम्मा टपालाने कॅसेट पाठवणाऱ्या युरोपभरच्या पोरांच्या डेकचा होता. आवडत असेल तर खुशाल आवडू दे, फक्त कोणाचं श्रेय कोणाला देतोय ते माहीत असावं.

वेगाचं एक गणित गिटारवाल्यांसाठी. टेप १ टक्का जास्त वेगाने धावली तर सूर सुमारे १७ सेंटने चढतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). अख्खा अर्धा स्वर चढायला जवळजवळ ६ टक्के लागतात. म्हणून एखाद्या जुन्या प्रतीबरोबर वाजवताना तुमची गिटार थोडी बेसूर लागली तर लगेच "यांनी काहीतरी विचित्र ट्यूनिंग केलंय" असा शोध लावू नका. आधी दुसरी प्रत मिळवून ताडून पहा.

विकत घेताना. या बँडचे डेमो पंचवीस वर्षं चोरून छापले गेलेत, त्यामुळे ‘दुर्मीळ मूळ एलपी’ म्हणून काहीही समोर येऊ शकतं. १९८३ चे जे डेमो तेव्हा बाहेर आले ते कॅसेटवर वाटले गेले होते, तेव्हा त्या सालाची एलपी कोणी दाखवली तर हसून पुढे जा. एलपीच्या शेवटच्या खाचेनंतर जो गुळगुळीत पट्टा असतो त्यावर कोरलेले आकडे बघा, विक्रेत्याकडून त्याचा स्पष्ट फोटो मागवा आणि अधिकृत आवृत्तीच्या आकड्यांशी जुळवा. फोटो द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. परदेशातून मागवत असाल तर तीन एलपींचं वजन आणि कस्टम धरून हिशोब करा. मी स्वतः सीडीच घ्यायला सांगेन. ही टेप आहे, एलपीवर चढवल्याने तिच्यात नसलेलं काही येत नाही. जाड पुठ्ठा आणि मोठं चित्र हवं असेल तर गोष्ट वेगळी, तो शौक मलाही आहे.

डिजिटल फाइल तपासणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. फाइल खरी लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळलेली, आहे की एमपी३ फुगवून केलेली, हे पाहायला लोक स्पेक्ट्रम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या आवाजाचं चित्र, उघडतात आणि १६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज संपलेला दिसला की बनावट म्हणून मोकळे होतात. साध्या कॅसेटवरचा आवाजही साधारण तिथेच दमतो. फरक संपण्याच्या तऱ्हेत असतो. टेप हळूहळू उतरते आणि वर हिसाची धूळ शिल्लक राहते. एमपी३ सुरीने कापल्यासारखा सरळ रेषेत थांबतो आणि त्यावर काळंकुट्ट. रेषा दिसली तर फाइल परत करा.

शब्दांबद्दल जास्त बोलत नाही. विशीच्या आसपासच्या, गावाला वैतागलेल्या मुलांनी जगाला घाबरवायला लिहिलेले शब्द आहेत. सैतान, मढी, कवट्या. ‘डेथ फीन्ड’वरच्या एका गाण्याचं नावच असं आहे की ते मी आईसमोर वाचणार नाही. मार्टिन आल्यावर विषय थोडे खोल जायला लागतात आणि सेल्टिक फ्रॉस्टमध्ये ते अंधारे पण विचार केलेले होतात. टॉमने पुढे, २०१० मध्ये, या दिवसांवर फोटोंनी भरलेलं जाड पुस्तक काढलं, ‘ओन्ली डेथ इज रिअल’. ते ऐकणं झाल्यावर वाचा. आधी वाचलंत तर कानाऐवजी सहानुभूतीने ऐकाल.

तेव्हाच्या मासिकांनी हेलहॅमरला झोडपून काढलं होतं. पण कॅसेट पोचायच्या तिथे पोचल्या. नॉर्वेच्या मेहेम या बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्याने ‘युरिनॉमोस’ या गाण्यावरून युरॉनिमस हे नाव घेतलं, ड्रमरने तर सरळ हेलहॅमर हेच. नेपाम डेथ या बँडने २००४ च्या अल्बमवर हेलहॅमरचं ‘मसाया’ वाजवलंय. ते आणि ‘सटॅनिक राइट्स’वरचं ‘मसाया’ पाठोपाठ लावा, नेपाम डेथचं वादन किती घट्ट आहे ते कळेल, आणि मूळ गाण्यातलं काय त्या घट्टपणात बसलं नाही तेही. मार्टिन २०१७ मध्ये गेला. त्यानंतर टॉमने ट्रायम्फ ऑफ डेथ याच नावाचा बँड काढून ही जुनी गाणी रंगमंचावर आणली. २०२३ ची त्यांची लाइव्ह रेकॉर्ड ही तुमच्या कागदावरचा चौथा रकाना होऊ शकते.

शेवटी ज्यांच्या माळ्यावर स्वतःच्या बँडच्या कॅसेट पडल्यात त्यांच्यासाठी. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव बघून घरी गिटार घेतलेले माझ्या वयाचे लोक बरेच आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना आता संग्रह काढायचाय. आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही टॅब मोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात हमखास येते. तसली कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागून पुढच्या दहा कॅसेटना जाते. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, टेपचा ताण सारखा होतो. टेपला हेडवर दाबणारी स्पंजाची गादी गळून पडलेली असते, ती दुसऱ्या निकामी कॅसेटमधली काढून लावता येते. स्क्रूवाली कॅसेट उघडायला सोपी. हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी धातूची काडी) आणि पिंच रोलर (टेप तिच्यावर दाबणारं रबरी चाक) कापसाच्या काडीने पुसा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल. रबराच्या रोलरला मात्र जपून, ओलं सोडू नका.

मग अ‍ॅझिमथ. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो हेडचा कल ठरवतो. तुमचा डेमो ज्या स्वस्त डेकवर भरला गेला त्याचा कल वेगळा होता, म्हणून आज तो दबलेला ऐकू येतो. आवाज मोनो करा आणि गाणं चालू असताना स्क्रू अगदी केसभर फिरवा. एका जागी झांज एकदम उघडेल. तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने, आणि काम झाल्यावर स्क्रू होता तिथे परत, त्यासाठी आधी त्यावर पेनने खूण करून ठेवा.

संगणकात भरताना २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. पूर्ण बाजू एका दमात भरा, गाणी नंतर तोडा. ही कच्ची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा आणि जी काही रंगसफेदी करायची ती तिच्या प्रतीवर. गाणी निवडताना एखादं गाणं दोन तारखांना भरलेलं असेल तर दोन्ही घ्या, फक्त चांगलं वाजलेलं नको. कव्हरवर तारीख, जागा, कोणी काय वाजवलं, कुठल्या डेकवर भरलं आणि मूळ कॅसेट होती की प्रत, एवढं छापा. ड्रमरशी तेव्हा भांडण झालं असेल तरी त्याला आधी फोन करून विचारा. नाव गाळलंत तर तारीखही त्याच्याच वहीत सापडेल आणि तो देणार नाही.